पांढरी ई-गाडी, हिरवी पाटी आणि वरचा खर्च

पांढरी इलेक्ट्रिक गाडी बुक केली की एक रंग न मागताच मिळतो. हिरवा. बॅटरीवर चालणाऱ्या खासगी गाडीची नंबरप्लेट हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांची असते. गाडी भाड्याची असेल तर अक्षरं पिवळी. नंदुरबारच्या एमएच-३९ ची ही पाटी गाडीच्या पुढे-मागे कायम दिसणार आहे. म्हणून निळी पट्टी, लाल कॅलिपर, सोनेरी लोगो असलं काही ठरवण्याआधी मोबाइलवर गाडीच्या फोटोला हिरवी पाटी चिकटवून बघा. निम्मे बेत तिथेच गळतात आणि पैसे वाचतात. काळा, राखाडी आणि गडद निळा हिरव्याशेजारी खपून जातात. लाल आणि हिरवा शेजारी आले की गाडी मिरचीच्या ढिगासारखी दिसते, आणि नंदुरबारात मिरचीचे ढीग आधीच पुष्कळ आहेत.

पुढे दिलेले दुकानांचे दर छोटी एसयूव्ही धरून, ढोबळ आहेत. दुकानागणिक ते कमी-जास्त होतात. करांचे आणि कायद्याचे आकडे मात्र ठरलेले आहेत, त्यांवर घासाघीस होत नाही.

पांढरा फुकट असतोच असं नाही

आपल्याकडच्या बहुतेक ई-गाड्यांत साधा पांढरा रंग जादा पैसे न घेता मिळतो. पण 'पांढरा' म्हणजे नेमका कोणता, हे बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या. साधा पांढरा वेगळा, पर्ल पांढरा वेगळा, सॅटिन पांढरा आणखी वेगळा. मुंबईत जुलै २०२५ मध्ये टेस्लाने दुकान उघडलं तेव्हा मॉडेल वायमध्ये राखाडी रंग मूळ किमतीत होता आणि पांढऱ्यासाठी ९५,००० रुपये वर मोजावे लागत होते. त्याच सप्टेंबरात परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी बीकेसीतून पहिली गाडी घेतली, ती पांढरीच होती. तुम्ही टेस्ला घेणार नसाल, पण प्रश्न तोच विचारायचा: "या रंगाचे वेगळे पैसे आहेत का? आहेत तर किती?"

पर्ल आणि साधा पांढरा यांतला खरा फरक दोन वर्षांनी कळतो. साध्या पांढऱ्या दारावर ओरखडा आला तर नंदुरबार किंवा शहाद्यातला चांगला पेंटर शेड जुळवू शकतो. पर्ल पांढऱ्यात खाली पांढरा, मध्ये मोत्याच्या चमकीचा आणि वर क्लिअर असे तीन थर असतात. मधला थर थोडा जाड-पातळ झाला तरी एकच दार वेगळं दिसतं. मग पेंटर शेजारच्या पत्र्यावरही रंग ओढतो आणि बिल दीडपट होतं. सॅटिन फिनिशला तर पॉलिश मारताच येत नाही. पॉलिश मारलं की तेवढाच डाग चकाकतो. धडगाव, तोरणमाळकडे नेहमी जाणं असेल आणि रस्त्याकडेच्या फांद्या रोज घासणार असतील तर साधा पांढरा घ्या.

ऑर्डर देताना हेही पाहा की हवा तो रंग तुमच्या व्हेरिएंटला मिळतो का. खालच्या व्हेरिएंटमध्ये मोजकेच रंग देण्याची कंपन्यांची पद्धत आहे. काळ्या छताचा दुरंगी पर्याय तर बहुधा वरच्या व्हेरिएंटलाच मिळतो. रंगासाठी व्हेरिएंट बदललात तर तो रंग लाख-दीड लाखाला पडतो.

छत पांढरंच ठेवा

पांढऱ्या गाडीला काळं छत, ही सध्याची सर्वांत मोठी हौस. शोरूममध्ये ती कंपनीकडून होते, बाहेर ३,००० ते ६,००० रुपयांत काळी ग्लॉस फिल्म चिकटवून होते. गाडी इथे उभी राहणार असेल तर हा खर्च करू नका.

कारण उन्हाळा. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०११ मध्ये काळी आणि चंदेरी अशा दोन सारख्या गाड्या उन्हात उभ्या करून मोजल्या. तासाभराने काळ्या गाडीचं छत चंदेरीपेक्षा सुमारे २५ अंशांनी अधिक तापलं होतं, आतली हवा ५-६ अंशांनी. पांढऱ्याचा फायदा चंदेरीसारखाच. पेट्रोलच्या गाडीत हा फरक घामापुरता असतो. ई-गाडीत एसी त्याच बॅटरीवर चालतो जिच्यावर चाकं चालतात, त्यामुळे तापलेली गाडी थंड करायला लागणारी वीज थेट किलोमीटरमधून वजा होते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता नवापूरहून निघणाऱ्याला हे सांगायला नको.

काळी छटा हवीच असेल तर आरशांची टोपणं, दारांमधले खांब, मागचा स्पॉयलर एवढ्यावर भागवा. हे सगळं मिळून १,५०० ते ३,००० रुपयांत होतं आणि उद्या मन बदललं तर निघतं.

आरसीवर काय लिहिलंय?

गाडीचा रंग ही नोंदणीतली नोंद आहे. विक्रीच्या फॉर्म २१ वर आणि नोंदणी अर्जाच्या फॉर्म २० वर रंगाचा रकाना असतो, तिथून तो आरसीत जातो. डिलिव्हरीआधी फॉर्म २१ ची प्रत मागा आणि रंग वाचा. सुरतेहून किंवा दुसऱ्या जिल्ह्यातून तात्पुरत्या नोंदणीवर गाडी आणत असाल तर अधिक काळजीने वाचा, कारण चूक नंदुरबारच्या आरटीओत गेल्यावर सापडते आणि दुरुस्ती मूळ डीलरकडे जाऊन करावी लागते.

पांढऱ्या गाडीला पूर्ण दुसऱ्या रंगाचं रॅप किंवा पेंट करायचं असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागू होतं. केलेला बदल १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही. रंग आणि किरकोळ फिटिंग यांना मात्र वाव आहे. म्हणजे रंग बदलायला बंदी नाही, लपवायला आहे. अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवरून करा. आरसी, चालू विमा, ओळख व पत्त्याचा पुरावा, रंगकामाचं जीएसटी बिल आणि कर्ज असेल तर बँकेचं संमतिपत्र जवळ ठेवा. पीयूसी लागत नाही, बॅटरीच्या गाडीला ते नसतंच. गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. सरकारी फी पोर्टलवर दिसते, तेवढ्याचीच पावती मिळते. त्यावर मागितलेला प्रत्येक रुपया एजंटाचा.

नोंद केली नाही तर? नाक्यावर दंड, आणि त्याहून वाईट म्हणजे अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर आरसीवरचा पांढरा आणि समोरचा निळा यांची तुलना करत बसतो. गाडी विकतानाही गिऱ्हाईक याच मुद्द्यावर भाव पाडतं.

एक रंग मात्र कुठल्याही परवानगीने मिळत नाही: ऑलिव्ह हिरवा. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. 'मिलिटरी लुक'चं रॅप सुचवणाऱ्या दुकानदाराला हा नियम ठाऊक नसतो, किंवा असतो.

रॅप, पीपीएफ, सिरॅमिक: तीन वेगळ्या गोष्टी

दुकानात हे तिन्ही शब्द एकाच श्वासात येतात. वेगळे करून ऐका.

रॅप म्हणजे रंगीत व्हिनाइल. काम दिसण्याचं. पूर्ण गाडीचे ४०,००० ते १,००,००० रुपये. स्वस्त कोटेशनमध्ये कॅलेंडर्ड व्हिनाइल असतं, महागात कास्ट. कॅलेंडर्ड उन्हात आक्रसतं, कडा सुटतात, आणि आपल्या उन्हात हे लवकर होतं. कोटेशनवर फिल्मची कंपनी, सीरिज आणि 'कास्ट' हा शब्द लिहून घ्या. काढण्याचा खर्च आजच विचारा. पाच-सहा वर्षांनी भाजलेलं व्हिनाइल हीट गनने सोलायला ८,०००-१०,००० सहज लागतात आणि आधी पेंट केलेला पत्रा असेल तर रंगही सोबत येतो.

पीपीएफ म्हणजे पारदर्शक संरक्षक फिल्म. काम ओरखडे आणि खडी अडवण्याचं. पूर्ण गाडीला ७०,००० ते दीड लाख, केव्हा त्याहूनही वर. इथे पांढऱ्या गाडीवाल्याने दुप्पट सावध राहावं. हलकी फिल्म पिवळी पडते. काळ्या गाडीवर ते कोणाला दिसत नाही. पांढऱ्यावर दीड वर्षात गाडी जुन्या फ्रिजसारखी दिसू लागते. फक्त टीपीयू फिल्म घ्या. पीव्हीसी किंवा टीपीएच 'तसलीच असते' म्हणणाऱ्याकडून उठा. वॉरंटी कार्डावर 'पिवळेपणा' हा शब्द आहे का ते पाहा. पूर्ण गाडीची गरज बहुतेकांना नाहीच. बॉनेटची पुढची बाजू, पुढचा बंपर, दारांच्या कडा, हँडलच्या वाट्या आणि डिकीचा उंबरा एवढं १५,००० ते २५,००० मध्ये होतं. सुरत-धुळे हायवेवर ट्रकमागून उडणारी खडी याच ठिकाणी लागते.

सिरॅमिक कोटिंग म्हणजे चमक आणि धुण्याची सोय. १२,००० ते ३०,०००. खडीपासून ते वाचवत नाही. '९एच' हा आकडा पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीचा आहे; दगडाशी त्याचा संबंध नाही. वॉरंटी पाच वर्षांची असली तर आतलं वाक्य वाचा: दर सहा महिन्यांनी पैसे भरून 'मेंटेनन्स' केलं नाही तर ती रद्द होते. ही रक्कम कोटेशनमध्ये नसते. शोरूमचं ३,०००-५,००० चं टेफ्लॉन काही महिन्यांत धुतलं जातं. ते नको म्हणा.

या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. ८०,००० चं कोटेशन म्हणजे ९४,४००. ई-गाडीला ५ टक्के लागतो म्हणून ॲक्सेसरीलाही तोच लागेल, असं समजू नका. 'बिलाशिवाय घ्या, कर वाचेल' हा शॉर्टकट मोहाचा आहे, पण बिल नाही तर वॉरंटी नाही, विमा नाही, तक्रारही नाही.

ई-गाडीचं म्हणून वेगळं एक: लोगोमागे, बंपरमागे आणि काचेवर रडार, सेन्सर, कॅमेरे असतात. त्यांच्यावर फिल्म, क्रोम किंवा जाड स्टिकर चालत नाही. कोणत्या जागा मोकळ्या सोडणार हे काम सुरू होण्याआधी दुकानदाराला बोट ठेवून दाखवायला लावा. चार्जिंगच्या झाकणाची कड फिल्मने अडकत नाही ना, हे तिथेच उघडझाप करून बघा.

काम कुठे करायचं?

छोटी कामं नंदुरबार, शहाद्यात होतात. पूर्ण रॅप किंवा पीपीएफ घ्यायचं तर बंद, धूळमुक्त शेड लागतं. उघड्या गॅरेजमध्ये चिकटवलेल्या फिल्मखाली धुळीचे दाणे पांढऱ्यावर पुरळासारखे दिसतात. त्यामुळे सुरत, धुळे किंवा नाशिक. नंदुरबार ते सुरत एकेरीच दीडशे किलोमीटरच्या वर आहे. कॉमेटसारख्या १७.३ युनिटच्या किंवा टियागो ईव्हीच्या १९.२ युनिटच्या बॅटरीवर जात असाल तर वाटेतलं चार्जिंग आधी ठरवा. काम तीन-चार दिवसांचं. गाडी सोडा आणि ताप्ती लाइनच्या रेल्वेने परत या. हॉटेलचा खर्च वाचतो. गाडी सोडताना बॅटरी किती टक्के, किलोमीटर किती, याचा फोटो काढा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. काम झाल्यावर आठवडाभर गाडी धुवू नका.

शोरूमचं 'पॅकेज'

डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी २०,०००-४०,००० चं ॲक्सेसरीज पॅकेज पुढे येतं. मडफ्लॅप, डोअर व्हायझर, क्रोम गार्निश, मॅट, बॉडी कव्हर, कोटिंग. प्रत्येकाची वेगळी किंमत मागा. मडफ्लॅप घ्या, ५०० ते १,२०० रुपये. पावसाळ्यात पांढऱ्या गाडीच्या कडेला लाल चिखलाची नक्षी निघते ती थांबते. व्हायझर ऐच्छिक. क्रोम नको. पांढऱ्यावर ते झाकोळतं आणि दुतर्फा टेप दोन उन्हाळ्यांत सुटते. बॉडी कव्हर धुळीवर चढवलं तर सँडपेपरचं काम करतं. शेडखाली उभी राहणाऱ्या गाडीला त्याची गरज नाही.

पॅकेज घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही, किंवा लवकर मिळणार नाही, असं कोणी म्हणालं तर ते लिहून मागा. लिहून देणार नाहीत. एका वस्तूसाठी दुसरी गळ्यात मारणं ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये निर्बंधात्मक व्यापार प्रथा ठरते. 'हँडलिंग चार्ज' किंवा 'लॉजिस्टिक' नावाची ओळ दिसली तरी कारण विचारा. आरसीच्या फीचंही तसंच: बॅटरीच्या गाड्यांना ऑगस्ट २०२१ पासून नोंदणी प्रमाणपत्राची फी माफ आहे. कोटेशनमध्ये ती ओळ असेल तर खोडायला लावा.

अलॉय व्हील? कंपनीच्या मापाची, काळी पावडर-कोट केलेली चालतील. मोठ्या मापाची घेतलीत तर रेंज घटते आणि टायर महागतात. दिसायला गाडी भारी, हिशेबाला हलकी. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पांढऱ्या नुकऱ्याला भाव मिळतो तो त्याच्या अंगाला, झुलीला नाही.

हे लावूच नका

काळी काच. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश गेलाच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली. 'पारदर्शक आहे, चालते' म्हणून विकलेल्या फिल्मवर प्रकाशाची टक्केवारी छापलेली नसेल तर नाक्यावर वाद तुम्हीच घालायचा. उभ्या गाडीसाठी चंदेरी घडीचा पडदा ३००-६०० रुपयांत मिळतो, तोच घ्या.

बंपरपुढचा लोखंडी गार्ड. डिसेंबर २०१७ पासून केंद्राने त्यावर कारवाईच्या सूचना दिल्या आहेत. शिवाय तो सेन्सरच्या पुढे येतो.

तळाला एलईडी, जादा दिवे. यासाठी वायर कापावी लागते आणि वायर कापली की इलेक्ट्रिकल वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो. नारिंगी केबल उच्च दाबाच्या असतात. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने त्यांच्याजवळ हात नेऊ नये, तुम्हीही नाही.

नंबरप्लेटवर काहीही. देव, आडनाव, पद, 'प्रेस' यांपैकी काही नाही. हाय-सिक्युरिटी पाटी काढून फ्रेममध्ये बसवण्याचाही खटाटोप नको.

पूजेचं कुंकू, मिरचीची धूळ

नव्या गाडीची पूजा होणारच. पण बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढून गाडी तीन दिवस उन्हात ठेवली तर पांढऱ्या रंगावर गुलाबी सावली राहते. बाजारातल्या कुंकवात रंगद्रव्य असतं. स्वस्तिक काचेवर काढा, किंवा संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसा. नारळ चाकाजवळ फोडा, बंपरवर नाही. दसऱ्याच्या झेंडूच्या हाराची तार रंगाला घासते, सुती दोरा बांधा.

मिरचीच्या हंगामात पथारींच्या बाजूने उभ्या केलेल्या गाडीवर बारीक धूळ बसते. ती कोरड्या फडक्याने झटकू नका. आधी पाणी मारा. बोअरचं जड पाणी गाडीवर वाळू दिलं तर ठिपके राहतात. पांढऱ्यावर ते लगेच दिसत नाहीत म्हणून लोक सोडून देतात आणि ते रंगात मुरतात.

ओरखडा आला तर

पेंटिंग कंपनीच्या अधिकृत केंद्रात करा. एरवी मी बाहेरच्या पेंटरच्या बाजूने असतो, इथे नाही. रंग सुकवायला बूथ तापवतात आणि बॅटरी गाडीत असताना किती अंशांपर्यंत तापवायचं याची मर्यादा कंपनीने घातलेली असते. बाहेर करायचंच असेल तर फक्त बंपरसारखा सुटा भाग काढून द्या. ३,००० ते ५,००० रुपये.

विम्याचं गणित असं. झिरो डेप नसेल तर पेंटिंगच्या एकत्रित बिलात २५ टक्के माल धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात. १०,००० च्या बिलात २,५०० माल, १,२५० तुमचे. प्लास्टिक बंपर नवा घेतला तर किमतीच्या ५० टक्के तुमच्या खिशातून. सक्तीची वजावट वेगळी. दोन-तीन हजारांच्या ओरखड्यासाठी क्लेम करू नका, पहिल्याच वर्षीचा २० टक्के नो क्लेम बोनस जातो. नंतर बसवलेली इलेक्ट्रिक ॲक्सेसरी पॉलिसीत नोंदवली नसेल तर भरपाई मिळत नाही. महागडं रॅप आणि पीपीएफ धरलं जातं का, हेही विमा कंपनीकडून ईमेलवर विचारून घ्या.

डिलिव्हरी दिवसा घ्या. शोरूमच्या दिव्यात पांढऱ्यावरची री-पेंट केलेली जागा दिसत नाही. उन्हात बाजूने पाहिलं की दिसते. बंपर आणि पत्रा यांच्या शेडमध्ये किंचित फरक असतो, तो दोष नाही. दोन दारांत फरक असेल तर सही करू नका.

मला विचाराल तर: साधा पांढरा, छत पांढरं, पुढच्या भागाला टीपीयू फिल्म, मडफ्लॅप, काळी आरशाची टोपणं आणि एक पडदा. करासह तीस हजारांच्या आत. शोरूम किंवा दुकानदार बिल देत नसेल, वॉरंटी नाकारत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. पुढे नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार करता येते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्याची फी शून्य आहे.